गल्लीची मोजदाद

जुन्या मोहल्ल्याची सुधारणा होणार अशी बातमी आली की सर्वांत आधी येतो तो फीत घेतलेला माणूस. तो रस्त्याची रुंदी मोजतो, इमारतीचे मजले मोजतो, भिंतींच्या भेगा वहीत टिपतो. कधी नाक्यावर दोन तरुण बसतात आणि दिवसभरात किती मोटारी, किती ट्रक, किती रिक्षा गेल्या यांच्या रेघा ओढतात. पण अस्रच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर किती माणसे रेंगाळतात, दुपारी किती बायका उंबऱ्यावर बसून भाजी निवडतात, शाळा सुटल्यावर किती मुले बोळात खेळतात, यासाठी त्या वहीत रकाना नसतो. पुढे नकाशा तयार होतो तो त्याच वहीवरून. त्यामुळे जे मोजले गेले नाही ते नव्या वस्तीत येतही नाही.

मोजणाऱ्याच्या वहीत कोणते रकाने असावेत, या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्याच मुंबई इलाख्यात घडलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिज्वराच्या साथीचे, म्हणजे प्लेगचे, निदान झाले. पुढची काही वर्षे या शहराने काय भोगले ते आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. घरांची तपासणी, विलगीकरणाच्या छावण्या, गावाकडे पळणारे लोंढे, ओस पडलेली बंदरावरची गोदामे. या साथीतूनच १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'चा जन्म झाला. त्याचा नमुना होता स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या १८६६ च्या ट्रस्टचा. दाट वस्ती पाडायची, तिच्यातून रुंद, सरळ रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राची हवा आत येईल आणि रोगराई हटेल, असा त्यामागचा विचार. नागपाड्याची योजना ही ट्रस्टच्या पहिल्या योजनांपैकी एक. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्तेही ट्रस्टनेच काढले.

ट्रस्टच्या लोकांना मोजमाप येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. उलट ते मोजमापाच्या बाबतीत फार काटेकोर होते. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईतल्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्याने दिली आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. साध्या भाषेत सांगायचे तर, खोलीसमोर जी इमारत आहे तिच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मोकळे असले पाहिजे, तरच खोलीत पुरेसे आकाश दिसेल. नियम चुकीचा नव्हता. अंधाऱ्या खोलीत क्षय कसा वाढतो हे ज्याने पाहिले आहे तो या नियमाला हसणार नाही. पण या मोजणीत खोली होती, खिडकी होती, कोन होता आणि मृत्यूंचा आकडा होता. गल्ली मात्र केवळ दोन भिंतींमधली पोकळी होती. त्या पोकळीत कोण बसते, कोण विकते, कोण कोणाला उधार देते, याची नोंद झाली नाही. परिणाम असा झाला की ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्याही नाहीत. उठवलेली माणसे कामापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्याच चाळींत घुसली आणि जी दाटी हटवायची होती ती एक गल्ली पलीकडे जाऊन बसली.

याच सुमारास हिंदुस्थानात एक साठीचा, दाढी वाढलेला स्कॉटिश माणूस आला. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस. १८५४ चा जन्म. शिक्षण वनस्पतिशास्त्राचे. तरुणपणी मेक्सिकोत असताना डोळ्यांचा त्रास जडला, सूक्ष्मदर्शकाचे काम कठीण झाले आणि रोपांऐवजी हा माणूस शहरांकडे पाहू लागला. एडिंबरोच्या जुन्या शहरात, जिथून पांढरपेशे लोक केव्हाच निघून गेले होते, तिथल्या जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या वाड्यात तो १८८७ च्या सुमारास पत्नी ॲना यांच्यासह राहायला गेला. शेजाऱ्यांना हाताशी धरून चुना लावणे, फुलझाडे ठेवणे, एखादी पडकी भिंत काढून अंगण मोकळे करणे, अशी कामे त्याने सुरू केली. आधी पाहणी, मग योजना, हे त्याचे सूत्र. डॉक्टर जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही तसे नगररचनाकाराने गल्ली पायी फिरल्याशिवाय रेघ ओढू नये, असे तो मानीत असे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडीस १९१४ मध्ये इकडे निघाले. त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेले शहरांविषयीचे प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रे, छायाचित्रे, दुसऱ्या जहाजातून येत होते. ते जहाज जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे गेडीस या देशातल्या गल्ल्या पायाखाली घालत होते. तंजावर, मदुरा, लखनौ, बलरामपूर, लाहोर, इंदूर. मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवरही त्यांनी १९१५ मध्ये अहवाल लिहिले आणि ते पन्नास वर्षांनी, १९६५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने छापून काढले.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गावात गेल्यावर ते आधी अधिकाऱ्याच्या कचेरीत बसत नसत. उन्हातून, गटारांच्या वासातून तासन् तास चालत. कुठे विहीर आहे, कुठे झाड आहे, कोणते घर पडून ओसाड झाले आहे, कोणता बोळ खरोखर बंद आहे आणि कोणता केवळ एका मोडक्या भिंतीने अडला आहे, हे नकाशावर जागच्या जागी टिपत. मग बहुतेक वेळा असे दिसे की चाळीस फुटी रस्ता काढण्यासाठी शंभर घरे पाडायची गरज नाही. दोन-चार पडकी घरे काढली, त्यांच्या जागी छोटासा चौक केला, त्यात एखादे झाड लावले, एक-दोन कोपरे छाटले की हवा, उजेड आणि वाट तिन्ही मिळतात. याला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. तंजावरमध्ये त्यांनी आकडे मांडून दाखवले की सरळ रस्त्यांच्या योजनेपेक्षा या रीतीने खर्च कितीतरी कमी येतो आणि घरे तर फारच थोडी जातात.

लाहोरच्या १९१७ च्या अहवालात त्यांनी जुन्या शहराच्या एका भागासाठी केलेल्या आराखड्यावर कठोर टीका केली. कागदावर सरळ रेघा मारून मशिदी, मंदिरे, धर्मशाळा, दुकाने, घरे यांचा सरसकट निकाल लावणारा तो आराखडा होता. गल्ल्या वाकड्या आहेत म्हणून त्या निर्बुद्ध आहेत असे नाही, त्या लोकांच्या रोजच्या व्यवहाराने घडल्या आहेत, तेव्हा त्या मोडण्याऐवजी सुधाराव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. एका परक्या माणसाला हे दिसले आणि आपल्याच इंजिनिअरांना दिसले नाही याचे नवल वाटते. पण मग लक्षात येते की इंजिनिअर टेबलाशी बसला होता आणि हा चालत होता.

इंदूरची हकीकत तर सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. होळकरांच्या राजधानीत प्लेगची भीती होती आणि लोक या परक्या साहेबाकडे संशयाने पाहत होते. हा आपली घरे पाडायला आला आहे, अशी बोलवा होती. गेडीस यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढायची ठरवली. ती हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती आणि मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गानेही नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून स्वच्छ झाली असतील त्या रस्त्याने ती जाणार होती. शहरभर झाडू फिरले. गाड्यांवर गाड्या भरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृती होती आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्यांना त्या काळी राजमार्गाने हार घालून चालवणे ही साधी गोष्ट नव्हती. इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या वर्षी, १९१७ मध्ये, गेडीस यांचा मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला होता आणि पत्नी ॲना लखनौमध्ये आजारी पडून वारल्या होत्या.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक नेमले. आपल्या मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांच्याच विभागातून पुढे आले आणि १९२४ नंतर त्यांनी तो विभाग सांभाळला. आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची वाटावी. उर्दूतून उच्च शिक्षण देण्यासाठी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्या जागेसंबंधी याच गेडीस यांचा सल्ला घेतला गेला होता.

गेडीस यांचे बहुतेक अहवाल मात्र कपाटांत गेले. त्यांची लिहिण्याची ढब गुंतागुंतीची होती हे एक कारण. दुसरे असे की त्यांच्या पाहणीत पुष्कळशी नजर होती आणि आकडे थोडे होते. गल्ली जिवंत आहे असे त्यांनी सांगितले, पण किती जिवंत, हे सरकारी टिपणीत घालता येईल असे मांडले नाही. सरकारला आकडा लागतो. 'लोक तिथे बसतात' असे म्हटले तर कारकून विचारतो, किती?

तो आकडा मिळवण्याची रीत पुढे डेन्मार्कमध्ये तयार झाली. कोपनहेगनच्या जुन्या भागातला स्ट्रॉयेट नावाचा सुमारे ११०० मीटर लांबीचा रस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींना बंद केला गेला. व्यापारी ओरडले. आम्ही इटालियन नाही, या थंडीत रस्त्यावर कोण फिरणार, असे लोक म्हणाले. यान गेल हे तरुण वास्तुरचनाकार आणि त्यांच्या मानसशास्त्रज्ञ पत्नी इंग्रिड १९६५ मध्ये इटलीतल्या जुन्या गावांचे चौक पाहून आले होते. त्यांनी वही-पेन्सिल घेऊन कोपनहेगनचा रस्ता मोजायला सुरुवात केली. रीत अगदी सोपी. दर तासातली दहा मिनिटे जाणारी-येणारी माणसे मोजायची, त्याची सहापट करायची, की तासाचा अंदाज आला. शिवाय नकाशावर ठिपके द्यायचे. कोण उभा आहे, कोण बसला आहे, कोण बोलतो आहे. १९६८, १९८६ आणि १९९५ अशा मोठ्या पाहण्या झाल्या. शहरातल्या पादचाऱ्यांसाठी राखलेल्या जागा १९६२ मधल्या १५,८०० चौरस मीटरवरून १९९६ पर्यंत ९५ हजारांच्या पुढे गेल्या आणि दर वेळी पालिकेपुढे आकडे तयार होते. व्यापाऱ्यांची ओरडही आकड्यांपुढे विरली.

यातले खरे मर्म मला वाटते ते असे. केवळ चालणारी माणसे मोजली तर रेल्वेचा पूल हा शहरातला सर्वांत सुंदर रस्ता ठरेल. गेल यांनी थांबणारी माणसे वेगळी मोजली. माणूस जिथे काम नसताना थांबतो, ती जागा चांगली.

अमेरिकेतही हा विचार आला. न्यूयॉर्कचे विल्यम व्हाइट १९७० च्या दशकात छोट्या कॅमेऱ्याने चौकांचे चित्रण करीत बसले. त्यांना दिसले की ओळखीची दोन माणसे भेटली की बाजूला न होता ऐन गर्दीच्या मधोमध गप्पा मारतात. आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला हे शिकायला न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही, पण त्यांची दुसरी नोंद लाखमोलाची आहे. एखाद्या चौकात बायकांचे प्रमाण कमी असेल तर तिथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे. सॅन फ्रान्सिस्कोचे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७२ मध्ये तीन सारख्याच रस्त्यांची तुलना छापली. जिथून दिवसाला सुमारे २००० गाड्या जात तिथल्या रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जिथून सुमारे १६,००० गाड्या जात तिथे एकही धड नव्हता, आकडा ०.९ होता. शेजाऱ्याच्या हक्कांविषयी आपण मजलिसींत इतके ऐकतो. शेजारी मुळात भेटावा कसा, हे रहदारीही ठरवते, हा विचार तिथे कधी येत नाही.

आता परत मुंबईकडे येऊ. मुहम्मद अली रोडवरचा जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये सुरू झाला. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल मोठ्या आदराने कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांच्या नावाने ओळखला जातो. गाड्यांच्या मोजणीतून तो उभा राहिला आणि गाड्यांची सोय झाली हे खरेच आहे. पण खालच्या रस्त्याचे आकाश गेले आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोरून रात्रंदिवस मोटारी धावू लागल्या. ऑरसाहेबांचा साडेत्रेसष्ट अंशांचा कोन त्याच शहरात कोणाला आठवला नाही!

याच रस्त्यावर मोजणीचा आणखी एक घोटाळा समजतो. समजा, कोणी एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी अकराला मिनारा मशिदीच्या परिसरात पादचारी मोजले. त्याला एक आकडा मिळेल. रमजानमध्ये तरावीहनंतर, रात्री एकला, त्याच जागी उभे राहिले तर दुसरेच शहर दिसेल. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे एकच तारीख धरून दर वर्षी पाहणी करणाऱ्याच्या हाती तो कित्येक वर्षे लागणारच नाही. शुक्रवारची दुपार, ईदच्या आदली रात्र, मोहरमचे दिवस, हे सगळे रस्त्याचे वेगवेगळे चेहरे आहेत. मोजणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याचा आकडा बरोबर असूनही उपयोगाचा नाही.

भेंडी बाजारचा पुनर्विकास २००९ पासून दाऊदी बोहरा समाजाच्या ट्रस्टने हाती घेतला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३२०० कुटुंबे, १२५० दुकाने, असा त्याचा पसारा सांगितला जातो. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक तारीख विसरू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच भागातली एक जुनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. शंभर वर्षांची लाकडी तुळई गेडीस यांच्या विचारांवर उभी राहत नाही. पाडायचे ते पाडलेच पाहिजे. प्रश्न आहे तो पाडण्याआधी गल्लीची वही भरली का, हा. कुटुंब मोजले जाते, दुकान मोजले जाते, दोघांना नव्या जागा मिळतात. पण दुकान आणि घर यांच्यामधल्या आठ फुटांत जे चालते त्याला कोणी धनी नसतो आणि म्हणून त्याची भरपाईही नसते.

दिल्लीच्या निजामुद्दीन बस्तीत २००७ पासून आगा खान संस्थेने सरकारी खात्यांबरोबर काम सुरू केले, तेव्हा घरोघरची पाहणी आधी झाली. बावडीची डागडुजी झाली, पण पालिकेची शाळा, दवाखाना, स्वच्छतागृहे यांच्याकडेही त्याच वेळी पाहिले गेले आणि स्त्रिया व मुलांसाठी राखीव बाग झाली. पाहणी करणाऱ्यांनी घरातल्या बायकांना विचारले नसते तर ही बाग आराखड्यात आली असती असे मला वाटत नाही. २०२१ मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

आपल्या हातात मात्र एक साधन आहेच. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहरातल्या फेरीवाल्यांची पाहणी दर पाच वर्षांनी निदान एकदा झाली पाहिजे आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले, त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया, असल्या पाहिजेत. म्हणजे रस्त्यावरच्या एका वर्गाची तरी मोजदाद कायद्यानेच मागितली आहे. ती झाली का, कोणत्या वेळी झाली, बांगड्यावाली आणि मिसवाक विकणारा म्हातारा तिच्यात आले का, हे विचारायला मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या माणसांनी जायला हवे. आपले लोक रेशनकार्डासाठी जातात, याच्यासाठी जात नाहीत.

मोजणी करायला पदवी लागत नाही. मी नववीच्या वर्गाला शाळेमागच्या गल्लीचे काम दिले. कागदावर रकाने आखले : उभे, बसलेले, बोलणारे, विकत घेणारे, खेळणारे, काम करणारे. प्रत्येकात पुरुष, स्त्री, मूल. दर तासाला दहा मिनिटे. दुपारची मोजणी मुलींकडे ठेवली, कारण मुलगे वही घेऊन उभे राहिले की उंबऱ्यावरच्या बायका आत जातात आणि रकाना रिकामाच राहतो. गेल यांच्या पुस्तकांत जरुरीची कामे, हौसेची कामे आणि भेटीगाठी अशी वर्गवारी आहे. ती आमच्या गल्लीत पहिल्याच दिवशी अडली. एका मुलीने येऊन विचारले, "टीचर, दुकानाच्या पायरीवर बसून शिलाई करणारे चाचा काजही करतात, शेजारच्या खालाशी बोलतही असतात आणि मध्येच आमच्या छोट्या भावाला रस्ता ओलांडून देतात. त्यांना कुठे लिहू?"

तिन्हीकडे लिही, असे सांगितले. मग वर्गातल्या हिशेबी मुलांनी हरकत घेतली की माणसांची बेरीज चुकेल. त्यावर फळ्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवले की माणसे एका पानावर मोजायची आणि कामे दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानाची बेरीज पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी आली.